तबल्यावर रवा

"रांगोळी टाकायची नाही," तबल्याचे मास्तर म्हणाले. "रांगोळी म्हणजे दगडाची भुकटी. तबल्याच्या मधल्या काळ्या शाईला ओरखडे पडले तर उद्या क्लासात काय वाजवू?"

सर हातात रांगोळीचा डबा घेऊन तसेच उभे. सर म्हणजे पदार्थविज्ञानाचे निवृत्त प्राध्यापक. त्यांच्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं सहायक होतो, त्यामुळे त्यांचा पडलेला चेहरा मला पाठ आहे. ज्यांच्या घरी जमलो होतो त्या वहिनींनी तोडगा काढला. उपम्याचा बारीक रवा वाटीत आणून ठेवला. मास्तरांनी चिमूटभर रवा बोटांत चोळून पाहिला, जरा विचार केला आणि म्हणाले, "हा चालेल. फडक्यानं निघतो."

मग पंखा बंद करावा लागला, नाहीतर रवा उडाला असता. एप्रिल संपत आलेला, सोलापूर, पंधरा-सोळा माणसं एका खोलीत, आणि पंखा बंद. याला विज्ञाननिष्ठा म्हणायची की वेडेपणा, ते वाचणाऱ्यानं ठरवावं.

मास्तरांनी तबला मांडीशी घेतला आणि 'ना' वाजवायला सुरुवात केली. अनामिका शाईच्या कडेला अलगद टेकलेली, तर्जनीचा आघात किनारीवर. पहिल्या दोन आघातांत रवा नुसता नाचला. पाच-सहा आघातांनंतर तो सरकू लागला आणि टेकलेल्या बोटापासून पलीकडच्या कडेपर्यंत एक पुसट, वाकडीतिकडी रेघ तयार झाली. मागच्या माणसांना काही दिसेना म्हणून सगळे उठून तबल्यावर वाकले, आणि कुणाच्या तरी कपाळावरचा घाम शाईवर पडला. त्यावर मास्तर जे बोलले ते इथं लिहिण्यासारखं नाही.

सरांनी सांगितलं ते असं. साध्या ताणलेल्या चामड्यावर थाप मारली की मूळ कंपनासोबत वरची कंपनं उठतात, पण त्यांचं गणित वेडंवाकडं असतं. पहिलं १.५९ पट, पुढचं २.१४ पट. कानाला ते सूर म्हणून जुळत नाहीत, नुसता ढब असा आवाज येतो. तबल्याच्या मधोमध शाई आहे. लोहकीस आणि भाताची लेपावर लेप देऊन घोटलेली ती काळी चकती चामड्याचा मधला भाग जड करते आणि वरची कंपनं जवळजवळ दुप्पट, तिप्पट, चौपट, पाचपट अशी रांगेत आणून उभी करते. म्हणून तबला सुरात लावता येतो. सी. व्ही. रामन यांनी १९२० साली एका सहकाऱ्यासोबत यावर टिपण प्रसिद्ध केलं. प्रकाशाच्या विखुरण्यावर नोबेल मिळालं ते त्यानंतर दहा वर्षांनी. चामड्यावर वाळू पसरून ती कुठं गोळा होते हे रामन यांनीही पाहिलं होतं. आमचा रवा त्या वाळूचा गरीब नातेवाईक.

"म्हणजे मी बोट टेकवतो ते ही रेघ ओढायला?" मास्तरांनी विचारलं.

"तुम्ही बोट टेकवून मूळ कंपनाला गप्प बसवता. त्या रेषेवर चामडं हलत नाही. वरचा सूर तेवढा मोकळा सुटतो."

मास्तर थोडा वेळ रव्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आमच्या गुरुजींनी एवढंच सांगितलं होतं, बोट टेकव पण दाबू नको. टेकवणं आणि दाबणं यातला फरक कळायला मला दोन वर्षं लागली. तुमच्या गणितात तो फरक कुठं बसतो?"

सरांना उत्तर देता आलं नाही. वहीत काहीतरी लिहून घेतलं आणि म्हणाले, "याच्यावर मला बसावं लागेल." एकोणतीस वर्षांत मी त्यांना असं म्हणताना दोनदा ऐकलं असेल.

या बैठकीला नाव नाही. पाटी नाही, बॅनर नाही, अध्यक्ष नाही. महिन्यातून एक शनिवार, कुणाच्या तरी घरी, आणि एकच नियम: जो बोलणार त्यानं हाताळता येईल अशी एक वस्तू घेऊन यायचं. हा नियम पोळल्यावर सुचलेला आहे.

त्याआधी आम्ही रीतसर कार्यक्रम करून बसलो होतो. हॉल भाड्यानं घेतला, 'कला आणि विज्ञान: एक समन्वय' असा फलक रंगवला (समन्वय हा शब्द दिसला की आता माझ्या पोटात गोळा येतो), एका संस्थेला सोबत घेतलं. दीपप्रज्वलन झालं, स्वागतगीत झालं, प्रास्ताविक, परिचय, शाल-श्रीफळ, आणि संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची मनोगतं. मनोगतं किती होती ते सातनंतर मोजायचं सोडून दिलं. चित्रकार आणि रसायनशास्त्राचे प्राध्यापक मंचावर शेजारी-शेजारी बसलेले. चित्रकार चित्रकलेच्या इतिहासावर बोलले, प्राध्यापक विज्ञानाच्या उपकारांवर. प्रश्नोत्तरांची वेळ आली तेव्हा हॉलची वेळ संपली होती. पाहुणे जिना उतरत असताना मी माईकच्या वायरी गुंडाळत होतो, आणि माझ्या लक्षात आलं की तीन तासांत त्या दोघांनी एकमेकांशी एक वाक्य बोललं होतं. "जरा सरकता का? फोटोत येत नाहीये."

खरं तर त्या दोघांपुढे नुसती हळद, चुना आणि पाणी ठेवलं असतं तरी काम झालं असतं. चुन्यानं हळद लाल का होते हे एकाला माहीत, आणि तो लाल किती दिवस टिकतो हे दुसऱ्याला.

असं फसलेले आम्ही पहिले नाही, हे नंतर वाचून कळलं तेव्हा जीव भांड्यात पडला. १९६६ च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये एका जुन्या लष्करी इमारतीत नऊ संध्याकाळी असाच खेळ मांडला होता. बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेतले अभियंते बिली क्लूव्हर आणि चित्रकार रॉबर्ट राऊशेनबर्ग यांनी दहा कलावंत आणि तीसेक अभियंते एकत्र आणले. राऊशेनबर्गनं टेनिसचा सामना ठेवला होता. रॅकेटच्या मुठीत बिनतारी यंत्र, चेंडू बसला की ठण्‌ आवाज आणि छपराचा एक दिवा बंद. खेळत खेळत पूर्ण अंधार. कल्पना ऐकूनच अंगावर काटा येतो, पण प्रत्यक्षात वायरी तुटल्या, यंत्रं रुसली, प्रेक्षक खोळंबले आणि समीक्षकांनी धुऊन काढलं. वायरी जोडणारा माणूस म्हणून मला त्या अभियंत्यांबद्दल जरा जास्तच माया वाटते. महत्त्वाचं हे, की ही मंडळी कार्यक्रमाआधी दहा महिने एकमेकांसोबत काम करत होती. लोकांपुढे फसलं ते टोक होतं, खाली बरंच काही झालेलं होतं. लवकरच त्यातून संस्था उभी राहिली.

त्याच १९६६ साली मुंबईत मराठी विज्ञान परिषद सुरू झाली. तिकडे अभियंते नर्तकांच्या अंगावर यंत्रं बांधत होते, इकडे आपण विज्ञान मराठीत कसं सांगायचं याच्या विवंचनेत होतो. दोन्ही गरजेचंच. पण आपल्याकडची विवंचना बहुतेक वेळा 'सांगण्या'चीच राहिली. जाणकारानं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. व्याख्यानमालांच्या या प्रदेशात, जिथं पुण्यातली वसंत व्याख्यानमाला १८७५ पासूनची आहे, ऐकायची सवय आपल्याला भरपूर आहे. मास्तरांनी सरांना विचारलं तसं विचारायची कमी.

अमेरिकेत २००८ पासून अशा बैठकांची एक मालिका चालते, ती आता जगभर कितीतरी शहरांत पोचली आहे. लिओनार्दोच्या नावानं इंग्रजी आद्याक्षरं जुळवून तिला 'लेझर' म्हणतात. मी हे उत्साहानं आमच्या बैठकीत सांगितलं तर एक पोरगं म्हणालं, "लेझर नको हो काका, गणपतीच्या मिरवणुकीत डोळे गेले आमचे." नाव ठेवायचा विषय तिथंच संपला.

आणि तसं पाहिलं तर सोलापुरानं हे न्यूयॉर्ककडून कशाला शिकायचं? सिद्धेश्वरांचं तळं रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. बाराव्या शतकात या गावाचं नाव सोन्नलगी, आणि सिद्धरामेश्वर इथं माणसं लावून तळं खोदत होते. अल्लमप्रभू हे शरण संत फिरत फिरत इथं आले आणि "तो ओड्डर राम कुठाय?" असं विचारून त्यांनी सगळ्यांना डिवचलं, अशी कथा परंपरेनं जपली आहे. ओड्डर म्हणजे दगडमाती खोदणारा. कामावरच्या लोकांनी चिडून दगड उचलले म्हणतात. पुढे सिद्धराम त्यांच्यासोबत कल्याणला, म्हणजे आजच्या बसवकल्याणला गेले, अनुभवमंटप या शरणांच्या चर्चासभेत. तिथं नावाडी होता, चांभार होता, धोबी होता, अक्कमहादेवी होती, आणि प्रत्येकजण आपापल्या धंद्याच्या भाषेत परमार्थाबद्दल बोलत होता. त्यांची वचनं, म्हणजे कन्नडमधली छोटी पदं, वाचली की कळतं, दाखले सगळे हातातल्या कामाचे आहेत. मला त्या गोष्टीत चमत्कारापेक्षा अल्लमाचा तो पहिला खवचट प्रश्न आवडतो. तळं खोदणाऱ्या माणसाला विचारलं, की बाबा, तू हे कशासाठी खोदतोस? आजच्या भाषेत याला प्रकल्पाचा आढावा म्हटलं असतं आणि शाल घालून मोकळे झालो असतो.

आपल्या भाषेत एक गंमत आहे. 'शास्त्रीय' हा शब्द घ्या. शास्त्रीय संगीत म्हणजे रागदारी, आणि शास्त्रीय दृष्टिकोन म्हणजे विज्ञानाचा. एकाच शब्दात भीमसेन आणि न्यूटन शेजारी बसलेत आणि कुणाला खटकत नाही. पाकशास्त्र आहे, नाट्यशास्त्र आहे. फाळणी भाषेत झालीच नाही, ती झाली दहावीच्या निकालाच्या दिवशी. माझ्या चुलतभावाला अठ्ठावन्न टक्के पडले. तो इतकी सुंदर चित्रं काढायचा की गल्लीतल्या गणपतीची आरास त्याच्याशिवाय होत नसे. काका म्हणाले, "मार्क कमी पडले, आता आर्ट्सला घालू." 'घालू'. जसं पोरगं विहिरीत घालतात. मला चौसष्ट पडले म्हणून सायन्स. सहा टक्क्यांवर दोघांची जन्माची वाटणी झाली. सी. पी. स्नो या भौतिकीच्या मुशीतून आलेल्या कादंबरीकारानं १९५९ साली केंब्रिजमध्ये जे प्रसिद्ध भाषण केलं, साहित्यवाले आणि विज्ञानवाले एकमेकांशी बोलतच नाहीत म्हणून, ते मी फार उशिरा वाचलं. आमच्या काकांनी ते दोन शब्दांत केलं होतं.

आता चादरीच्या बैठकीबद्दल सांगतो, कारण तिथं मला काहीतरी उमगलं.

ती बैठक घरात झाली नाही. वस्तू आणायचा नियम होता, पण वस्तू उचलण्यासारखी नव्हती. म्हणून आम्हीच पूर्व भागातल्या एका कारखान्यात गेलो. सुट्टीचा दिवस, बाकीचे माग बंद, एकच चालू ठेवलेला. तरी बोलणं ऐकू येईना. यंत्रमागाच्या आवाजात ज्यांचं आयुष्य गेलं ती माणसं ओठ वाचतात, आपण नुसते ओरडतो. मागाच्या डोक्यावर जेकार्ड नावाचं नक्षीयंत्र, आणि त्यावरून मण्यांच्या माळेसारखी फिरत उतरणारी भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं. एक कार्ड म्हणजे एक आडवा धागा. भोक आहे तिथं हुक उचलला जातो, उभा धागा वर येतो. भोक नाही तिथं धागा खालीच राहतो. आडवा धागा घेऊन धोटा मधून निघून जातो. मग पुढचं कार्ड.

हे जोसेफ-मारी जाकार यानं फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास बसवलं. त्याचंच रेशमात विणलेलं एक चित्र होतं, त्याला २४,००० कार्डं लागली होती. ते चित्र चार्ल्स बॅबेज या इंग्रज गणितज्ञानं मिळवलं, पाहुण्यांना दाखवायचा, आणि आपल्या गणकयंत्रासाठी कार्डांची युक्ती उचलायची असं त्यानं ठरवलं. यंत्र पुरं झालंच नाही. पण १८४३ साली एडा लव्हलेस हिनं त्याच्यावर लिहिताना म्हटलं, की जेकार्डचा माग फुलंपानं विणतो तसं हे यंत्र बीजगणिताची नक्षी विणतं.

हे सगळं आमच्यातल्या कॉम्प्युटरच्या मॅडमनी माग बंद केल्यावर सांगितलं. कार्डं तयार करणारे अन्ना ऐकत होते. सत्तरीच्या घरातले, ग्राफ पेपरवर मोर काढून त्याचा एकेक चौकोन भोकात उतरवण्यात आयुष्य गेलेलं. घरात तेलुगू, कारखान्यात तेलुगू-मराठी, आमच्याशी जपून मराठी. त्यांनी विचारलं, "त्या बाईंनी माग चालवला होता का?"

"नाही अन्ना. आईसोबत गिरण्या बघायला गेल्या होत्या, तेव्हा पाहिला होता."

"तरीच. चालवला असता तर फुलंपानं म्हणाल्या नसत्या. कार्ड म्हणाल्या असत्या."

सगळे हसले. मॅडम हसल्या नाहीत, त्या त्यांच्या शेजारी स्टुलावर जाऊन बसल्या. मग त्यांचं जे सुरू झालं त्यात आम्हा बाकीच्यांना जागा नव्हती. चुकीचं भोक पडलं तर काय करता? कागदाची चकती डकवतो. मॅडम जवळजवळ ओरडल्या, "पॅच!" सॉफ्टवेअरमधली चूक दुरुस्त करतात त्याला पॅच म्हणतात, तो शब्द याच डकवण्यातून आलेला. अन्नांना त्याचं काही विशेष वाटलं नाही. चकती डकवायची नाहीतर काय करायचं? पण चूक सापडते कशी, हे विचारल्यावर ते खुलले. कार्ड बघून कधीच सापडत नाही म्हणाले. चादरीवर हात फिरवायचा. मोराच्या मानेत एक धागा उगाच वर आलेला असतो, तो प्रत्येक मोरात त्याच जागी येतो. तिथून उलटं मोजत कार्डापर्यंत जायचं.

मग त्यांनी चादर उलटी केली. लाल जमिनीवर पिवळा मोर होता, मागं पिवळ्यावर लाल. गणिताच्या एका तरुण प्राध्यापकानं विचारलं की मागच्या बाजूची कार्डं वेगळी असतात का. अन्ना म्हणाले, "कशाला? एक रंग इथं वर आला म्हणजे दुसरा खाली गेलाच की. मागं त्याचंच राज्य. दोन्ही मोर एकाच कार्डात." प्राध्यापक ती चादर हातात घेऊन पालथी-उताणी करत राहिला. शेवटी विकतच घेतली.

परतताना कुणीतरी म्हणालं, "पुढच्या वेळी अन्नांना कलावंत म्हणून बोलवायचं की तंत्रज्ञ म्हणून?" रिक्षात या प्रश्नावर वाद झाला आणि मिटला नाही. मी गप्प होतो. आयुष्यभर माझ्या पगारपत्रकावर 'शिक्षकेतर कर्मचारी' असं छापून येत होतं. जे नाही ते लिहून आपल्याला ओळखणारे शब्द असतात, त्यांच्याबद्दल मी जास्त बोलत नाही.

याच गावात १९३२ साली मारुती चितमपल्ली जन्मले. छत्तीस वर्षं वनखात्यात, आणि २००६ साली सोलापुरात साहित्य संमेलन भरलं तेव्हा अध्यक्ष तेच. मी मांडवात अगदी मागं उभा होतो. वनाधिकारी साहित्य संमेलनाचा अध्यक्ष, याचं तेव्हा काहींना नवल वाटलं होतं. पण बगळ्यांच्या विणीच्या वसाहतीला 'सारंगागार' आणि कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार' म्हणणारा माणूस कुठल्या खात्यात बसवणार? पाहिल्याशिवाय तो शब्द सुचत नाही, आणि शब्द नसला तर पाहिलेलं निसटून जातं. १८ जून २०२५ ला ते सोलापुरातच गेले. त्या महिन्यातल्या शनिवारी कुणी काही वस्तू आणली नव्हती. एकेकानं आपल्याला ठाऊक असलेली पक्ष्यांची गावठी नावं सांगितली, त्यात रात्रीचे साडेअकरा वाजले. वहिनींनी कडक भाकरी आणि शेंगाचटणी पुढं केली तेव्हा कुठं लोक उठले.

सगळ्याच बैठका रंगत नाहीत, हेही सांगून टाकतो. सुगंधावरची बैठक पडली. एकदा एक गृहस्थ ग्रहताऱ्यांवर बोलतो म्हणून आले आणि पत्रिका घेऊन बसले. त्यांना चहा देऊन वाटेला लावायला दोन तास लागले.

गेल्या पावसाळ्यातली शेवटची बैठक ढगांवर होती. सोलापूर पर्जन्यछायेत, त्यामुळे ढग हा इथं शिळोप्याचा विषय नाही. २०१८ आणि २०१९ च्या पावसाळ्यात पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संस्थेनं सोलापुराला तळ ठेवून ढगांवर प्रयोग केला होता. विमानाच्या पंखांना क्षाराच्या नळकांड्या, ढगाच्या तळाशी जाऊन त्या पेटवायच्या, क्षाराचे कण ओलावा ओढून थेंब मोठे करतात. सर वस्तू म्हणून मिठाची वाटी घेऊन आले होते. पावसाळ्यात मीठ ओलं होतं, ते बोटानं दाखवून त्यांनी सुरुवात केली. मग २७६ ढगांबद्दल सांगितलं. त्यातल्या काहींवर फवारणी, काही तसेच सोडलेले, आणि कुणावर करायची ते चिठ्ठी टाकल्यासारखं, आपली मर्जी न चालवता ठरवलेलं. का, तर तुलना खरी व्हावी म्हणून. २०२३ साली निष्कर्ष छापून आला, फवारलेल्या ठिकाणी पाऊस सुमारे १८ टक्के जास्त. सर रंगात आले होते. न फवारलेले ढग हेच या प्रयोगाचं सौंदर्य आहे, असं ते म्हणाले, आणि सौंदर्य हा शब्द त्यांनी मुद्दाम आमच्या कवींकडे बघून वापरला.

कवी बार्शीकडचे. चार एकर कोरडवाहू, तूर आणि ज्वारी. बैठकीला एसटीनं येतात आणि शेवटच्या गाडीसाठी नेहमी घड्याळाकडे बघत बसतात. त्या दिवशी बघत नव्हते.

"सर," ते म्हणाले, "जो ढग सोडून दिला, त्याच्या खाली कुणाचं रान होतं?"

पंखा चालू होता, तरी खोलीत एकदम उकडायला लागलं. सरांनी तोंड उघडलं, मिटलं. मग सांगितलं की तो ढग एरवी जेवढा पडला असता तेवढा पडलाच, कुणाचं काही काढून घेतलेलं नाही. हे बरोबर होतं, आणि पुरं नव्हतं, हे सरांनाही कळत होतं. मास्तर म्हणाले, "चिठ्ठी टाकली म्हणता. ती चिठ्ठी खालच्या माणसाला माहीत होती का?" मॅडम म्हणाल्या, माहीत असती तर प्रयोग बिघडला नसता, कारण ढग माणसाचं ऐकत नाही. कुणीतरी म्हणालं, माहीत असतं तर दंगा झाला असता. सरांच्या हातातल्या चहावर साय धरली.

"तुम्ही रागावलाय का?" सरांनी विचारलं.

"नाही हो सर," कवी उठत म्हणाले. पिशवीत वही घातली, चपला शोधल्या. "दोन ओळी झाल्यात. तिसरी अडलीय. त्या शेतकऱ्याला गाव पाहिजे ना काहीतरी. एवढं बघून ठेवा."

आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेले. सर वाटीतलं मीठ बोटानं ढवळत बसले होते. मी खुर्च्या उचलायला लागलो, तेव्हा त्यांनी मला हाक मारून विचारलं, त्या विमानांच्या फेऱ्यांचे नकाशे कुठं मिळतील हो, कुणी ओळखीचं आहे का पुण्यात?